झोपेसाठी जळगाव जामोदला

लोक प्रवासाला जातात ते काहीतरी बघायला. मी गेलो होतो डोळे मिटायला. त्यामुळे या वर्णनात देवळं, किल्ले, धबधबे यांची अपेक्षा कुणी ठेवू नये. वऱ्हाडात जाऊन आलास आणि लोणारचं सरोवर पाहिलं नाहीस, म्हणून मित्रांनी मला आल्या आल्या फैलावर घेतलं. नाही पाहिलं. अंगात त्राण असतं तर पाहिलं असतं. मी एक बैल पाहिला, आणि इथे जे लिहितोय ते बहुतेक त्याच्याबद्दलच आहे.

मी रेल्वेत तारबाबू. एका मोठ्या जंक्शनवर माझी नेमणूक आहे. ही दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून गाड्या दुप्पट झाल्या आणि माणसं होती तेवढीच राहिली. आमची पाळी दर आठवड्याला फिरते. एक आठवडा सकाळ, एक आठवडा संध्याकाळ, एक आठवडा रात्र. तरुणपणी हे निभतं. चाळिशी ओलांडल्यावर माझी झोप हळूहळू उडून गेली. दिवसपाळीला रात्रभर टक्क जागा, आणि रात्रपाळीला हातात तारेची किल्ली असताना मान खाली. भूकसुद्धा भलत्याच वेळी लागायची. रेल्वेच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, गुलाबी औषधाची एक बाटली दिली आणि महिनाभर कुठेतरी गावाकडे जा म्हणाले.

माझं गाव साताऱ्याकडे. तिथे चुलत्यांच्या वाटणीचा कज्जा चालू, म्हणजे होती तीही झोप गेली असती. आमच्या पाळीवरचा पॉइंट्समन सुखदेव हे सगळं ऐकत होता. हा माणूस खांबाला टेकून, मालगाडी धडधडत असताना झोपू शकतो. तो म्हणाला, "माह्या घरी जा ना बाबूजी, जळगाव जामोदले. दादा हाय, वैनी हाय, मळा हाय. तिथं कोनाले झोप आली नाई, असं आजपावतो झालं नाई."

नांदुऱ्याहून उत्तरेला

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो. माघाचा महिना होता. पुढे मोटार. पेट्रोल लष्कराकडे गेलेलं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची एक भट्टी बसवली होती आणि तिच्या धुरावर गाडी चालायची. एक माणूस भट्टीला हवा देत होता. त्याला मी विचारलं, मोटार किती वाजता सुटते. त्याने उलट विचारलं, "जुन्या टाइमानं का नव्या?"

लढाईमुळे सरकारने देशातली घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, हे मी रेल्वेचा माणूस विसरणं शक्य नव्हतं. पण त्याचा असा परिणाम मी पाहिला नव्हता. भट्टीवाला समजावून सांगू लागला, "मोटार नव्या टाइमानं सुटते, बाबूजी. पब्लिक येते जुन्या टाइमानं. म्हून मोटार बी थांबते."

मग मीही थांबलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या, आणि समोर सातपुड्याची निळसर रेघ. आमच्याकडे डोंगर दाराशीच असतो, इथे तो दिवसभर समोर दिसतो आणि जवळ काही येत नाही. पूर्णेच्या पात्रात मोटार वाळूत रुतली. सगळ्यांबरोबर मीही उतरून ढकलू लागलो. मोटार निघाली, आणि कोटाच्या खिशातली गुलाबी बाटली दगडावर पडून फुटली. शेजारचा म्हातारा हळहळला. मी हळहळलो नाही. दुःख करायलाही जोर लागतो, आणि तेवढाही उरला नव्हता, हे तेव्हा कळलं.

मळा

सुखदेवचे थोरले भाऊ तुळशीराम गावाबाहेर मळ्यातच राहतात. माळ्याचं घर, त्यामुळे अंगणापासूनच वांगी, मिरची आणि कांद्याचे वाफे. विहिरीवर मोट. तुळशीरामदादा उंच, हाडकुळे, बोलायला कमी. त्यांच्या बायकोला, यमुनावहिनींना, दोघांच्या वाटचं बोलावं लागतं, आणि त्या ते आनंदाने करतात.

पहिल्या दिवशी कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत होतं. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती काळसर भाकर आमच्याकडे कुणी केली तर सासू सुनेला जाब विचारेल. पण भरिताबरोबर ती खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी मी दुसरी मागून घेतली. वहिनी खूश झाल्या. सुखदेवने त्यांना माझं दुखणं कळवलेलंच होतं.

"भाऊ, तुम्ही काही काळजी करू नोका," त्या म्हणाल्या. "झोप कशी येत नाई तेच पाहाते मी."

त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. धान्य ठेवायची खोली त्यांनी माझ्यासाठी रिकामी केली. खिडकीवर काळी घोंगडी ठोकली. दाराला गोधडी लावली. भर दुपारी स्वतःचा हात दिसू नये इतका अंधार केला. शेजारच्या मळ्यातल्या बायांना सांगून आल्या की आमच्याकडे दुखणाईत माणूस आहे, मिरच्या कांडायच्या तर तिकडे लांब कांडा. जायफळ घातलेलं दूध झालं, खसखशीची खीर झाली. तुळशीरामदादा स्वतः काशाच्या वाटीने माझे तळपाय चोळायला बसले, तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं झालं. मी जागा झालो की, वेळ कोणतीही असो, वहिनी ताट वाढायच्या. आईच्या माघारी माझ्या झोपेची इतकी फिकीर कुणी केली नव्हती.

आणि झोप आली नाही. म्हणजे यायची ती तुकड्यांनी. अंधारात पडून राहायचं, डोळा लागायचा, उघडायचा, आणि सकाळ की संध्याकाळ याचा पत्ता नसायचा. एकदा दात घासायला बाहेर आलो तर अंगणात तिन्हीसांजेचा दिवा लावत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

भुऱ्या

खोलीच्या भिंतीपलीकडे गोठा. अंधारात पडल्या पडल्या मला एका घुंगराचा आवाज ऐकू यायचा. कधी घर झोपलेलं असताना तो एकसारखा वाजायचा, आणि कधी बाहेर माणसांची लगबग असून गप्प असायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून मी उठलो आणि बघायला गेलो.

करड्या रंगाचा, भरल्या अंगाचा बैल होता, नाव भुऱ्या. डोळ्यांवर चामड्याची जाड ढापणं करकचून बांधलेली. ढापणं बांधलेला बैल मी तेलाच्या घाण्यावर पाहिला होता, गोठ्यात कधी नाही. शेजारी तांब्या नावाचा दुसरा बैल उघड्या डोळ्यांनी कडबा खात होता.

"घाण्याचा हाय तो," वहिनी शेण भरता भरता म्हणाल्या. "दसऱ्याच्या अंगानं घेतला. दलालानं बजावलं होतं का याची ढापनं काढू नोका, बुजते. यायनी एक डाव काढली, तं दावं तोडून शेजाऱ्याच्या वांग्यात घुसला. तवापासून काढत नाई. डोळे धुवाचे तं मी इथंच अंधारात धुते अन् पुन्हा बांधते."

तेवढ्यात तुळशीरामदादा आले. त्यांनी बैलाकडे न बघता सांगितलं, "बाजाराले न्यायचा हाय. कामाचा नाई."

हळूहळू सगळं कळलं. मोटेला जोडी लागते. कांदा पोसायची हीच वेळ, पाण्याचा ताण पडला तर गाठ धरत नाही. आणि भुऱ्या मोटेला जुंपला की उभ्या उभ्या झोपायचा. मारलं तरी हलायचा नाही. चालला तर घाण्याच्या सवयीने एका अंगाला वळायचा आणि तांब्याला घेऊन धावेवरून, म्हणजे मोट ओढायच्या उतारावरून, बाहेर पडायचा. दादा एका शेजाऱ्याचा बैल सावडीवर, म्हणजे कामाच्या बदल्यात, एक दिवसाआड आणून कसंबसं पाणी देत होते. भुऱ्या विकल्याशिवाय दुसरा बैल घेता येत नव्हता. आणि लढाईच्या दिवसांत कामातून गेलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक एकच होतं, ते म्हणजे खाटीक. हे दादांनी तोंडाने सांगितलं नाही. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, त्यावरून मी समजलो.

"पहिल्यापासून असाच आहे?" मी विचारलं.

"नाई ना भाऊ," वहिनी म्हणाल्या. "तेच तं. आला तवा सोन्यासारखा होता. मंग न्याहारीच्या वक्ताले पेंगू लागला. मंग दुपारी. मंग दिवस कलता. मंग आमी जानोरीच्या भगताले आनलं. त्यानं उतारा उतरवला, लिंबू कापलं, अन् खरं सांगते, आठ-पंधरा दिवस गडी इतका चांगला चालला का काही पुसू नोका. मंग पुन्हा तेच. न्याहारीले पेंगे, मंग दुपारी."

"भगताले पुन्हा बलावलं नाई, म्हून असन," दादा म्हणाले, आणि हे ते थट्टेने म्हणाले की खरंच, ते मला अजूनही कळलेलं नाही.

मी खोलीत जाऊन पडलो. पण वहिनींचं ते 'न्याहारीले, मंग दुपारी, मंग दिवस कलता' डोक्यातून जाईना. आळशी जनावर रोज आळशी असतं. आजारी जनावर वाढत जातं, नाहीतर बरं होतं. या बैलाची झोप रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. सरकत सरकत ती रात्रीवर आली की बैल शहाणा, भगत खरा. पुढे सरकून दिवसावर आली की बैल पुन्हा नालायक.

अशी सरकणारी वस्तू मला चांगली माहीत होती. आमच्या स्टेशनात रोज ठरलेल्या वेळी तारेवरून टाइम येतो. तेवढ्यापुरती सगळी तार थांबते, एक ठोका पडतो, आणि आम्ही भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जागेवर आणतो. घड्याळ काही वाईट नाही. दिवसाला जरासं मागे पडतं, इतकंच. रोज टाइम मिळाला तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. टाइम मिळणं बंद झालं तर ते घड्याळ बंद पडणार नाही, आपल्या चालीने चालत राहील, आणि हळूहळू त्याची दुपार आणि जगाची दुपार यांची फारकत होईल.

भुऱ्याच्या अंगात घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. फक्त त्याला रोजचा टाइम मिळत नव्हता, कारण तो येतो आकाशातून, आणि भुऱ्याच्या डोळ्यांवर चामडं होतं. दुसऱ्या कशावरून त्याला वेळ कळली असती तर ती चाऱ्यावरून. त्याचीही वाट बंद होती. "जागा झाला का टाकते," वहिनी म्हणाल्या होत्या. "झोपेल्या जनावराले काऊन उठवाचं?"

एवढा विचार केला आणि अंधारात मी स्वतःशीच हसलो. माझ्याही खिडकीवर काळी घोंगडी होती, आणि मीही जागा झालो की ताट यायचं.

जामोदचा तेली

पण हा सगळा तारबाबूचा तर्क. तर्कावर दुसऱ्याचा बैल कसा सोडायचा? शिवाय गुरांचा बाजार तोंडावर आला होता. बैल मूळचा जामोदच्या एका तेल्याचा, असं कळलं. दुसऱ्या दिवशी एका भाजीच्या बैलगाडीत बसून मी तिकडे गेलो. गाडीवान वाटभर वांग्याच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो. वाटेत पळस लागले. फुलायला नुकती सुरुवात झाली होती.

तेली गावाच्या वेशीजवळ राहत होता. घाणा अंगणात तसाच उभा, पण बैल जुंपायची लाट सुटी करून भिंतीला लावलेली. शेगावकडून मशीनचं तेल येऊ लागल्यावर त्याने काम बंद केलं होतं. त्याने मला बाजेवर बसवलं, गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले आणि भुऱ्याचं नाव काढताच म्हणाला, "कसा हाय माहा गडी?"

मी विचारलं, "त्याची ढापणं तुम्ही कधी काढत होता?"

"कधी म्हंजे?" तो चकित झाला. "घाण्यावर असला का बांधाची, सुटला का काढाची. पहाटेपासून घाणा चाले. दिवस वर आला का त्याले सोडो अन् या लिंबाखाली बांधो. उन्हाकडं तोंड करून रवंथ करत बसे. काऊन? तुमी काढत नाई का?"

मी काय ते सांगितलं. म्हाताऱ्या तेल्याने भिंतीला लावलेल्या लाटेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दलालाले मी म्हनलं होतं का बाजारात काढू नोको, गर्दीले बुजते. बाजारात, म्हनलं होतं." आणि त्याने शेंगदाण्यांची ताटली माझ्याकडे आणखी थोडी सरकवली, जणू चूक त्याचीच होती.

ऊन

हे तुळशीरामदादांना सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चार महिने मीच त्याले आंधळा करून ठेवला, म्हना ना."

"तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत, दादा."

"बैल माहा हाय," ते म्हणाले. "दलालाचा नाई." मग त्यांनी विचारलं, "या बाजाराले नेत नाई. पुढच्या बाजारापावतो किती सुधरन?"

मी खोटं बोललो नाही. ठाऊक नाही म्हणालो. माझ्या हातात तेवढंच होतं. दादांनी कांद्याच्या वाफ्यांकडे पाहिलं. मग पुढच्या बाजारापर्यंत, त्यापुढे नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं येण्याआधी भुऱ्याला अंगणाबाहेर लिंबाला बांधलं, तोंड उगवतीला. दादांनी दावं दोन वेढे देऊन धरलं आणि मी ढापणांची गाठ सोडली. मला वाटलं होतं तो उसळेल. तो हललाच नाही. डोळे गच्च मिटून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला, आणि पहिली वस्तू त्याला दिसली ती स्वतःची सावली. तिला मात्र तो बुजला. मागे सरला तर सावलीही सरली. दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून "हो, हो, बाप्पा, तुहीच हाय ते" म्हणत राहिले. मी त्यांना इतकं बोलताना प्रथमच ऐकलं.

मग मी घरात गेलो आणि खिडकीवरची घोंगडी काढू लागलो. वहिनी दारात आल्या.

"माह्यं काही चुकलं का, भाऊ?"

ज्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, त्याला तुम्ही केलंत तेच नडलं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, वहिनी. भुऱ्याला जे लागतं तेच मला लागतं. मला सकाळी उठवा, झोपलो असलो तरी उठवा, आणि जेवण वेळेवरच द्या. मागितलं तरी मधे देऊ नका."

"दुखणाईत मानसाले उपाशी ठेवू?" त्या म्हणाल्या. पण घोंगडी माझ्या हातून घेऊन त्यांनी घडी घातली.

तेव्हापासून रोज सकाळी लिंबाच्या त्या बाजूला भुऱ्या आणि या बाजूला घोंगडीवर मी, असे आम्ही उगवतीकडे तोंड करून बसायचो. भुऱ्यापुढे त्याच वेळी सरकीची ढेप ठेवायची, माझ्यापुढे भाकर. गावात बातमी गेली की तुळशीराम माळ्याने दोन बैल उन्हाला बांधलेत, त्यातला एक साताऱ्याचा आहे. बाजाराला जाणाऱ्या बाया मुद्दाम आमच्या बांधावरून जाऊ लागल्या. एकीने मला विचारलं, "काय हो बाबूजी, जुन्या टाइमानं बांधलं का नव्या?"

बसल्या बसल्या मला एक दिसलं. सरकारचा घड्याळ पुढे करण्याचा हुकूम नागपूरहून बुलढाण्याला आणि बुलढाण्याहून तहसिलीला पोचला होता, पण म्हशीपर्यंत काही पोचला नव्हता. दवाखान्याला दूध नव्या टाइमाने पाहिजे, म्हणून वहिनींनी म्हशीला तासभर आधी पिळायचा प्रयत्न केला, तर ती पान्हाच चोरायची. आपल्या वेळेला तीच म्हैस दाव्याला ओढ देऊन हंबरायची. वेळ झाली की कोंबड्या उजेड असतानाच डालग्याकडे वळायच्या. सातपुड्याकडून बगळ्यांची रांग येऊन विहिरीवरच्या बाभळीवर उतरायची. या सगळ्यांना टाइम फुकट मिळत होता, आणि मी बावीस वर्षं तारेवरून दुसऱ्यांना टाइम देऊन स्वतः त्याच्याशिवाय राहिलो होतो. त्याचा राग येण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. नुसतं वाईट वाटत होतं.

सुधारणा म्हणाल तर पहिले काही दिवस काहीच नाही. भुऱ्या दुपारी पेंगायचाच. मोटेला जुंपला की एका अंगाला जायचा. डोळे उघडे असल्यामुळे आता त्याला दिसायचं तरी की आपण चुकतो आहोत, आणि मग तो भांबावून थांबायचा. दादा मारत नव्हते. तेही थांबायचे. कांद्याची पात पिवळी पडू लागली होती आणि शेजारी आपला बैल आता एक दिवसाआडही देईना. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दादांनी खुंटीवरचं नवं दावं काढलं, ओटीवर ठेवलं आणि म्हणाले, "सकाळी पाहू."

वहिनींनी त्या दिवशी भुऱ्याला पुरणाची पोळी चारली. बैलपोळा अजून सहा महिने लांब होता.

बाजाराचा दिवस

त्या सकाळी मी लवकर उठून दादांना आणखी एक बाजार थांबा म्हणणार होतो. वाक्यंही जुळवून ठेवली होती. जाग आली तेव्हा तोंडावर चटका बसत होता. खिडकीतून ऊन आत येऊन कधीच माझ्या पायापासून डोक्यापर्यंत चढलं होतं. मी झोपलो होतो. दिवेलागणीनंतर अंग टाकलं ते एकदम आत्ता. मधे एकदाही जागा झालो नाही. इतक्या वर्षांनी आलेली झोप, आणि ती नेमकी आज.

धडपडत गोठ्यात गेलो. दोन्ही बैल नव्हते. ओटीवरचं नवं दावं नव्हतं. घरात कुणी नव्हतं. लिंबाखाली ढेपेची पाटी चाटून पुसून ठेवलेली. मी तसाच अनवाणी बाजाराच्या वाटेला धावलो. काटा मोडला, तो उपटला आणि पुन्हा धावलो. झोपलो म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या, याहून मोठा विनोद माझ्या आयुष्यात झाला नसेल.

बांधाच्या टोकाला पोचलो आणि विहिरीकडून मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. आधी वाटलं, शेजाऱ्याचा बैल असेल. मग चाकाच्या आवाजात ते घुंगरू ऐकू आलं.

मी परत फिरलो. भुऱ्या आणि तांब्या धावेवरून सरळ खाली येत होते. मोट वर आली, थारोळ्यात पाणी पडलं. वहिनी वाफ्यात उभ्या राहून दारं मोडत, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होत्या. नवं दावं भुऱ्याच्या गळ्यात होतं, आणि दुसरं टोक दादांच्या हातात. धावेच्या मध्यावर बैल जरा एका अंगाला झुकला. दादांनी नुसतं "हं" केलं. तो सरळ झाला.

दादांनी मला पाहिलं. "पहाटे उठून उभा होता, दावं ओढत," ते म्हणाले. "म्हनलं एक मोट पाहू, मंग नेऊ बाजाराले. एकीची दुसरी झाली." मग ते माझ्या रक्ताळलेल्या पायाकडे बघत म्हणाले, "तुमाले उठवाले येत होतो. हे दिसाले पायजे होतं तुमाले. पन यमुना म्हने, भाऊच्या अंगाले हात लावाल तं पाहा."

वाफ्यातून वहिनी ओरडून म्हणाल्या, "उठवा म्हनलं होतं तुम्ही. मी नाई उठवलं. काय करता?"

मी काय करणार? धावेच्या कडेला बसलो आणि रडलो. दादांनी दुसरीकडे बघितलं आणि बैल मागे घेतले.

परत

पुढचे दिवस मी जेवलो, उन्हात बसलो आणि रात्री झोपलो. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. सुखाचं नसतंच. कांद्याने गाठ धरली. निघताना वहिनींनी भाजलेले शेंगदाणे, वाळवलेल्या मिरच्या आणि ती काळी घोंगडी बांधून दिली. "उन्हात बसाले होईन," त्या म्हणाल्या. दादा मोटारीपर्यंत आले. मोटार सुटायच्या वेळी म्हणाले, "त्याची ढापनं तं आपन सोडली, बाबूजी. तुमच्या साहेबाले सांगून पाहा काहीतरी."

साहेबाला सांगून पाहिलं. साहेब चांगला माणूस आहे. त्यांनी भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता दाखवला आणि विचारलं, तुमच्या जागी रात्री कोण बसेल? त्यांनाही दोन माणसं कमी होती. पहिल्याच आठवड्याला रात्रपाळी लागली.

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपावं लागतं, आणि माझ्या क्वार्टरच्या खिडकीतून सकाळी थेट ऊन येतं. मी खिळे आणले आणि वहिनींची घोंगडी खिडकीवर ठोकली. मापाला अगदी बरोबर बसली.

होळीला सुखदेव घरी जाऊन आला. भुऱ्या झकास आहे म्हणाला. दिवस मावळला की गोठ्यात बसतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. आता दादा पोळ्याला त्याला मानाचा बैल करणार आहेत. मग म्हणाला, "वैनीनं आठवनीनं विचारलं हाय, भाऊले झोप येते का. काय सांगू?"

भर सकाळ होती. खोलीत अंधार होता. रात्रपाळीवरून येऊनही मी बाजेवर उठून बसलो होतो.

"सांग," मी म्हणालो, "येते."